शरू, नानांना काय सांगायचं?

शरू, बाकीचं सगळं नंतर. आधी मला एवढं सांग, नानांना काय सांगायचं?

तुझ्या दिवसांसाठी आणलेली मोठी पातेली अजून परत गेलेली नाहीत, गॅलरीत पालथी पडली आहेत, आणि तू हे माझ्या गळ्यात घालून मोकळी झालीस. नाना हॉलमधल्या खुर्चीत बसतात, दाराकडे बघतात आणि विचारतात, "ही कुठे गेली?" तुझा मिलिंद आणि सून स्वाती आले आहेत बेंगळुरूहून. दोघांनी मिळून ठरवलंय, "मंडईत गेली" असं म्हणायचं. डॉक्टरही म्हणाले, त्यांना धक्का बसेल असं बोलू नका. नाना ऐकतात, "बरं" म्हणतात, आणि थोड्या वेळानं परत विचारतात. तुझ्या सुनेनं मला स्वयंपाकघरात नेलं, माझा हात धरला आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही पण तेच सांगा हं. तुमच्या तोंडून वेगळं काही गेलं तर फार अवघड होईल."

मी हो म्हणाले. का नाही म्हणणार? मी जन्मभर हेच म्हणत आले. ज्याला जेवढं झेपतं तेवढंच त्याच्या कानावर घालावं. तू नाही म्हणायचीस. "वत्से, झेपतं की नाही हे ठरवणारी तू कोण?" हे तुझं ठरलेलं. आपलं हे भांडण लॉकडाऊनमध्ये ती ओवी तुझ्या घरी राहिली तेव्हापासून चालू होतं, आणि भांडण रंगात आलं की "गॅसवर दूध आहे" म्हणून उठून जायची तुझी खोडच होती. आता तर काय, कायमचीच उठून गेलीस. आणि ज्या बाजूनं मी इतकी वर्षं भांडले ती बाजू माझ्याच हातात देऊन गेलीस. घे म्हणे, आता तूच निभाव.

आणि सांगायला दुसरी जागा मिळाली नाही कुणाला? मंडईच? हडपसरात राहायचं, खाली उतरलं की चार भाजीवाले, आणि ही बया दर रविवारी बसनं मंडईत जाणार. का, तर तिथली मेथी वेगळी असते! वेगळी म्हणजे काय, तिला शिंगं असतात का? बसमध्ये उभी राहून जायचीस, उभी राहून यायचीस आणि मग दिवसभर गुडघे चोळत माझ्याकडे बघायचीस, मीच तुला पाठवल्यासारखी. नानांना तेवढं पक्कं लक्षात आहे. कालचं जेवण आठवत नाही, स्वातीला कधी कधी नर्स समजतात, पण मंडईहून यायला तुला किती वेळ लागतो हे त्यांना बरोबर कळतं. म्हणून तर सगळा घोळ झाला. तो सांगते पुढे.

आधी ओवीचं. कारण मला तुझ्याशी ते एकदाचं नीट भांडून घ्यायचंय, आणि आता मधे तोंड घालायला तू नाहीस.

ते दिवस आठवतात तुला? आपल्या गल्लीच्या तोंडाशी पत्रे ठोकले होते. मार्केट यार्ड बंद, भाजीचा टेम्पो आला तर आला. तुझी बिल्डिंग ए, माझी बी, मधे पार्किंग, आणि आपण दोघी आपापल्या गॅलरीतून ओरडून बोलायचो, कारण फोनवर तुला माझं ऐकू येत नाही म्हणायचीस. ऐकू सगळं यायचं, ऐकायचं नसायचं. मी दिवसभर मशीनवर मास्क शिवत होते. जन्मभर ब्लाउज शिवले, म्हातारपणी लोकांची तोंडं शिवायला बसले. आणि पोरं! दोन्ही बिल्डिंगमधली सगळी पोरं घरात कोंडलेली. सुरुवातीला उड्या मारत होती, मग भांडायला लागली, मग रडायला लागली, आणि मग एकदम गप्प झाली. ती गप्प झाली तेव्हा तू मला गॅलरीतून म्हणालीस, "वत्से, हे बरं नाही."

मला वाटलं, बालवाडीच्या बाई आहेत, चित्रं काढायला सांगतील, गोष्टी सांगतील. तू काय केलंस? भोंडला! चैत्रात! मी हातातलं कापड टाकून गॅलरीत आले. "अगं, डोकं ठिकाणावर आहे का? भोंडला नवरात्रात असतो. हस्ताचा हत्ती तो, ह्या उन्हात कुठून येणार?"

"आलाय," म्हणालीस. "खाली बघ."

खाली पार्किंगमध्ये वॉचमनकरवी खडूनं हत्ती काढून घेतला होतास. हत्ती कसला, म्हशीला नळी लावल्यासारखा दिसत होता. पण पोरं गॅलऱ्यांत आली. फेर धरायला जागा नाही, म्हणून जो तो आपल्याच गॅलरीत स्वतःभोवती गोल फिरत होता. मुलगे पण. ज्यांना गाणी येत नव्हती त्यांना तू वरून सांगत होतीस, आणि तुझा तो आवाज, काय सांगू! सेक्रेटरी ढमाल्यांनी ग्रुपवर लिहिलं की सोसायटीच्या नियमांत सामूहिक गायनाची तरतूद नाही. तू उत्तर दिलंस, "मनाई पण नाही. उद्या तुम्हीही या."

गाणी झाली की खिरापत ओळखायची. डबा झाकायचा, कानाशी वाजवायचा, आत काय आहे ते बाकीच्यांनी सांगायचं. तिथे मात्र मी गप्प बसले, कारण ते खरंच जमलं होतं. या गॅलरीतून डबा वाजवायचा, त्या गॅलरीतल्यांनी ओळखायचं. कोणाला हात लावायला नको, कोणाजवळ जायला नको. "दाणे!" "चिरमुरे!" "लाडू... एकच लाडू!" ज्याच्या घरात जे असेल ते त्यानं खायचं, बाकीच्यांनी बघायचं. तरी पोरं खूश.

पण तू तेवढ्यावर थांबशील तर शरयूबाई कसली. भोंडल्याचा नियम काय, रोज एक गाणं आणि एक खिरापत वाढवायची. नवरात्रात ठीक आहे, दसऱ्याला संपतं. तू पहिल्या दिवशी सगळ्या पोरांसमोर छातीठोकपणे सांगितलंस, "आपण लॉकडाऊन संपेपर्यंत वाढवत जाऊ." सरकारनं आधी तीन आठवडे म्हटलं होतं. मग वाढवलं. मग आणखी वाढवलं. सरकार वाढवतंय, तू वाढवते आहेस, आणि इकडे दोन्ही बिल्डिंगमधल्या बायका माझ्या नावानं खडे फोडताहेत, कारण तुझ्याशी बोलायची कोणाची हिंमत नव्हती. "मावशी, घरात रवा संपला. मावशी, पोरगं म्हणतंय आज आठ प्रकार पाहिजेत, बाईंनी सांगितलंय." मी तुला ओरडून विचारलं, आता गं? तू चेहऱ्यावरची माशीही हलू न देता पोरांना सांगितलंस, "उद्यापासून डब्यात खायचं काही ठेवायचं नाही. खाण्याचं काय, कोणीही ओळखतं."

आणि मग जी मजा आली ती आली. स्क्रू, बांगड्या, बुद्धिबळाची प्यादी, औषधाच्या गोळ्या. तिसऱ्या मजल्यावरच्या पोरानं आजोबांची कवळी वाजवली, आणि आजोबा आतून बोळक्या तोंडानं ओरडत बाहेर आले, त्यामुळे सगळ्यांना लगेच ओळखता आलं. ढमाले शेवटी एकदा डबा घेऊन उभे राहिले. त्यांनी वाजवायच्या आतच सगळी पोरं एका सुरात ओरडली, "किल्ल्या!" आणि किल्ल्याच निघाल्या. जिन्याच्या, गच्चीच्या, पाण्याच्या टाकीच्या. त्यानंतर तो माणूस थोडा माणसात आला, हे मला मान्य केलंच पाहिजे.

कोणाकडे आजारपण आलं, दारावर स्टिकर लागला, की आधी लोक त्या दाराकडे बघायचेसुद्धा नाहीत. तू त्या घरातल्या पोराला दुसऱ्या दिवशी पहिला डबा द्यायचीस. "आज पहिला मान त्याचा." बस्स. कुणाला भाषण नाही. पोरं त्याच्या गॅलरीकडे बघायची, मग त्यांच्या आया बघायच्या, मग कोणीतरी विचारायचं, अहो, दूध आणून ठेवू का दाराशी? हे तू चांगलं केलंस. लिहून ठेवते इथे, नाहीतर म्हणशील, वत्सला नुसती उणी काढते.

आता ओवी.

तुझ्या वरच्या मजल्यावरची. सात वर्षांची, दोन वेण्या, पुढचे दात पडलेले. आईबाबा दोघं आयटीतले, आणि घरात आबा, म्हणजे बाबांचे वडील. पोर आबांच्याच अंगाखांद्यावर वाढली होती. आधी आबांना ताप आला, त्यांना हॉस्पिटलात नेलं. मग आईबाबा दोघंही पॉझिटिव्ह निघाले. त्यांना कुठल्याशा कॉलेजच्या वसतिगृहात नेऊन ठेवायचं ठरलं. ओवीला काही नव्हतं. मग ओवीला ठेवायचं कुठे? नातेवाईक सोलापूरला, रस्ते बंद. ग्रुपवर चर्चा सुरू झाली. काय एकेकाची सहानुभूती! "फार वाईट वाटतं, पण आमच्याकडे सिनियर सिटिझन आहेत." "आमच्याकडे लहान बाळ आहे." कोणीतरी फुलांची चित्रं पाठवली. आणि मधेच तुझा मेसेज, "ओवी माझ्याकडे येते आहे. फुलं थांबवा."

मी गॅलरीत धावले. "शरू, तुला दमा आहे!"

"माहीत आहे."

"नानांना साखर आहे!"

"तेही माहीत आहे. मग तू येतेस न्यायला?"

माझ्या घरी लेक बाळंतपणाला आलेली होती, तुला ते चांगलं माहीत होतं, तरी विचारलंस. असला दुष्टपणा तुझ्याकडेच.

मग तुमच्या दारावरही स्टिकर लागला. मी दाराबाहेर स्टुलावर डबा ठेवायची आणि बेल वाजवून पळायची, चोरासारखी. आतून हसण्याचे आवाज यायचे. तुम्ही तिघं पाच-तीन-दोन खेळायचात, आणि नाना तेव्हा अगदी शाबूत होते गं, पत्ते कुठले गेले कुठले राहिले, सगळं डोक्यात. ओवीला मुद्दाम हरायचे नाहीत. म्हणायचे, "हरवून दाखव." पोर रडायची, पुन्हा खेळायची.

आणि तेवढ्यात आबा गेले.

ओवीच्या आईचा मला फोन आला, तुलाही आला. तिचा आवाज ऐकवत नव्हता. तिला सासऱ्यांचं शेवटचं दर्शन नाही, नवऱ्याला ऑक्सिजन लावलेला, आणि पोर दुसऱ्याच्या घरी. ती एवढंच म्हणाली, "आम्ही येईपर्यंत तिला सांगू नका. आबा गावाला गेलेत म्हणा. मी मांडीवर घेऊन सांगेन." शरू, त्यात काय चुकीचं होतं? मी तेव्हाही विचारलं, आताही विचारते. आईचा तो हक्क होता. थोड्या दिवसांचा प्रश्न होता.

तूही आधी पाळलंस, मला माहीत आहे. ओवीनं विचारलं की "आईला विचारू हं" म्हणायचीस आणि विषय बदलायचीस. "गावाला गेले" हे शब्द मात्र तुझ्या तोंडून निघेनात. मी फोनवर तुला म्हणाले, "एवढी काय ऐट आहे खऱ्याची? म्हण की गावाला गेले, जीभ झडणार आहे का?" तू म्हणालीस, "ती उद्या विचारेल, कुठल्या गावाला. परवा विचारेल, फोन का करत नाहीत. मी किती गावं बांधू?"

मग त्या संध्याकाळी ओवीची पाळी आली. तुझ्या गॅलरीत उभी राहून तिनं डबा वाजवला. आवाज नाही. आणखी जोरात हलवला. काहीच नाही. पोरं ओरडली, "कापूस! रुमाल! रिकामा!" ती प्रत्येकाला नाही म्हणत होती. शेवटी सगळे म्हणाले, हरलो, उघड. तिनं उघडलाच नाही. डबा पोटाशी धरून आत गेली. मी समोरून बघत होते. नंतर तू मला सांगितलंस, आत आबांची कानटोपी होती. आईबाबांच्या बॅगा भरायच्या गडबडीत तिनं ती घरातून उचलून आणली होती, आणि गादीखाली ठेवत होती. आई फोनवर तिला गावाला गेले म्हणत होती, पण आबा हॉस्पिटलातून गावाला गेले असते तर कानटोपी न्यायला आले नसते का?

तू लगेच तिच्या आईला फोन लावलास. म्हणालीस, "पोरीला कळलंय गं. कळलेलं चालतं का, एवढंच तिला कळत नाहीये." ती माउली रडत राहिली, आणि शेवटी नाहीच म्हणाली. मी येते, मग.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू सांगितलंस. आईनं नाही म्हटल्यावर!

मला हे तूच फोन करून सांगितलंस, वर असं, दूध उतू गेलं म्हणून सांगावं तसं. मी काय काय बोलले तुला! "तुला अधिकार काय? तू तिची कोण?" तू म्हणालीस, "कोणी नाही. पण पोर माझ्या मांडीवर आहे, आईच्या नाही. तिची आई चांगली आहे, फक्त लांब आहे. हे थांबणारं नव्हतं वत्से, ती जेवत नव्हती." मी म्हणाले, जेवली असती दोन दिवसांनी. तू म्हणालीस, "तू नव्हतीस इथे." हे तुझं हुकमी वाक्य.

ओवी रडली आणि म्हणाली, "मला माहीत होतं." आणि मग तिनं विचारलं, "आता आईबाबा पण?" आणि तू काय सांगितलंस? "ते येणार. आबांचं खरं सांगितलं ना तुला? मग हेही खरं." पोर झोपली म्हणे, दुपारी, किती दिवसांनी.

आता बोल! शरू, आता बोल! तुला काय माहीत होतं ते येणार म्हणून? तिच्या बाबांना तेव्हा ऑक्सिजन चालू होता. त्यांचं काही बरंवाईट झालं असतं तर? तू त्या पोरीला एक खरं सांगितलंस आणि त्याच्या जिवावर दुसरं असं सांगितलंस जे तुला देवाशप्पथ माहीत नव्हतं. ते खोटंच होतं, फक्त नशिबानं खरं ठरलं. हा माझा मुद्दा तुला कधीच खोडता आला नाही. मी काढला की हसायचीस आणि म्हणायचीस, गॅसवर दूध आहे. किती दूध तापवायचीस गं तू!

ते दोघं आले सुखरूप. ओवी खाली धावली. आई तुझ्या पाया पडली, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं तुझ्याशी मोजकंच बोलली. दिवाळीला फराळ पाठवायची, पण ओवीच्या हातून. तुला ते लागलं होतं. तू कधी म्हणाली नाहीस, पण तिच्या चकल्या तू नानांना देऊन टाकायचीस, आणि तुझा तर चकलीवर एवढा जीव. "बरोबर केलं म्हणून आपण कोणाला आवडलंच पाहिजे असं नाही," असं एकदा म्हणालीस, जिन्यात, कारण नसताना. मी काहीतरी बोलायला हवं होतं, पण काय, ते अजून सुचलेलं नाही.

परवा ओवीची आई ओवीला घेऊन आली होती. तुझ्या दिवसांना. ओवी आता आईच्या खांद्याच्या वर गेली आहे, दात सगळे आले आहेत, त्यांना तारा लावल्या आहेत. ती नानांजवळ जाऊन बसली. आई माझ्यापाशी दारात उभी राहिली, डोळे लाल. हळूच म्हणाली, "मावशी, खरं सांगू? मला अजून त्यांचा राग आहे."

मी म्हटलं, "मलाही आहे. तुझ्यापेक्षा जुना आहे."

आणि आम्ही दोघी हसलो गं, सुतकाच्या घरात, आणि मग दोघींना हुंदका आवरेना. तुझ्यावर रागावायला पण आता दुसऱ्याची सोबत लागते.

ओवी निघताना मला म्हणाली, "वत्सलाआजी, नानाआजोबांना माहीत नाहीये?" मी म्हटलं, नाही बाळा, त्यांना झेपणार नाही. तिनं माझ्याकडे असं बघितलं! बोलली काही नाही, संस्कारी आहे. पण बघितलं मात्र तुझ्यासारखं.

आता कालचं ऐक.

मिलिंद आणि स्वाती तुझ्या मृत्यूच्या दाखल्याच्या कामाला गेले होते. मला नानांपाशी बसवून गेले. मी आत पाणी घ्यायला गेले, येते तर खुर्ची रिकामी. दार उघडं. नाना जिन्यात, पायात एक चप्पल, दुसरी हातात. मी म्हटलं, अहो कुठे निघालात? तर म्हणाले, "ही कधीची गेली आहे मंडईत. एवढा वेळ लागत नाही तिला. ऊन किती आहे. पिशव्या जड असतात, स्टॉपवर जाऊन उभा राहतो." आणि वॉचमन खालून सांगतो, "मावशी, काल पण उतरले होते. मीच वर आणून सोडलं."

शरू, म्हणजे आम्ही त्यांना वाचवतोय म्हणत होतो आणि ते बिचारे रोज तुझी वाट बघत होते. स्वातीचंही चुकलं नाही, चांगली आहे ती पोर, रात्रंदिवस करते आहे. पण मंडईत गेलेल्या माणसाला परत यावं लागतं ना!

मी त्यांना आणून खुर्चीत बसवलं. समोर पाटावर बसले. आणि मी, जिनं तुला एवढं फैलावर घेतलं होतं, ती मी म्हणाले, "नाना, शरू मंडईत गेलेली नाही. शरू वारली."

त्यांनी विचारलं, "कधी?"

"झाले थोडे दिवस."

"मी होतो तिथे?"

ह्या प्रश्नाची मला कल्पनाच नव्हती. मी म्हटलं, "होतात. तुम्ही तिचा हात धरला होतात." आणि धरला होताच. मी होते ना.

"मला आठवत नाही हो," म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडले. मी पाणी पाजलं. डोळे पुसले. मनात म्हटलं, चला, झालं, शरू जिंकली. दुपारचं ऊन फरशीवर सरकलं, ते शांत झाले. मग त्यांनी दाराकडे बघितलं आणि मला विचारलं, "वत्सलाबाई, ही कुठे गेली?"

तेव्हा मला तुझा जो संताप आला! ओवीला तू एकदा सांगितलंस. एकदा! तिनं ते घेतलं, रडली, झोपली, मोठी झाली. ह्यांना मी किती वेळा सांगू? मी परत सांगितलं. तोच चेहरा, तोच प्रश्न, मी होतो तिथे? तेच रडू, जसंच्या तसं, पहिल्यांदा ऐकल्यासारखं. तू माझ्यासमोर दुसऱ्यांदा गेलीस. हे खरं बोलणं आहे का रोज माणूस मारणं आहे? आणि खोटं बोलावं तर ते चप्पल घालून निघतात. सांग ना! तुझ्या त्या बालवाडीत शिकवलं होतं का ह्याचं काही?

आणि मग ते तिसऱ्यांदा म्हणाले, "ही कुठे..."

मी तोंड उघडलं. खरं सांगते, माझ्या तोंडून मंडई निघणार होती की दुसरं, मला स्वतःला माहीत नव्हतं. नानांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. नीट बघितलं, पूर्वी पत्ते खेळताना समोरच्याकडे बघायचे तसं. आणि हात वर केला.

"राहू दे, वत्सलाबाई," म्हणाले. "नका सांगू."

आणि खुर्चीत मागे टेकून बसले. दाराकडे बघितलं नाही. थोड्या वेळानं म्हणाले, चहा टाकता का.

मी स्वयंपाकघरात आले. गॅस पेटवला. आणि सवयीनं तोंडात वाक्य तयार झालं, बघितलंस ना शरू, म्हणून. पण पुढे काय? बघितलंस ना, माझं खरं होतं? की तुझं खरं होतं? दोघींचंही नव्हतं गं हे. इतकी वर्षं तू काय बोलणार ते तू तोंड उघडायच्या आधी मला कळायचं, म्हणून तर मला तुझा एवढा वैताग. ह्यावर तू काय म्हणाली असतीस, ते मात्र मला माहीत नाही. हे पहिल्यांदाच, आणि विचारायला तू नाहीस.

तेवढ्यात बेल वाजली. स्वाती एकटीच पुढे आली, घामाघूम, हातात कागदांची पिशवी. नाना डोळे मिटून बसलेले बघितले, पायातल्या चपलाही न काढता आत आली आणि कुजबुजत विचारलं, "मावशी, विचारलं का बाबांनी?"

"विचारलं."

"मग? काय सांगितलंत?"

मी चहा खाली उतरवला, गॅस बंद केला, आणि म्हटलं, "आधी बस. सांगते."